इरकलीचा बोळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. फौजेतल्या जुन्या दोस्तांना तर नाहीच — दोन पेग पोटात गेले की ते एकमेकांचं सगळं काढून घेतात, पण हे एवढं कुणाला काढता आलं नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

पण आधी मी कोण, ते ऐका. नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

मी माने. मूळचा कराडकडचा. फौजेच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं गाड्या उघडल्या आणि बंद केल्या, सुभेदार म्हणून बाहेर पडलो आणि शेवटची पोस्टिंग चंदीगडला होती म्हणून चंदीगडलाच राहिलो. इथे निवृत्त माणसाला लोक आपणहून बढती देतात, त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी 'मेजर साब' आहे. सुरुवातीला मी लोकांची चूक सुधारायचो, आता सुधारत नाही. इंडस्ट्रियल एरियात, फेज टूला, माझं वर्कशॉप आहे. आणि एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगतो — फोर व्हील ड्राइव्ह गाडी, तिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे जड ट्रेलर, हे त्रिकूट डोंगर कसं चढवायचं हे या भागात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. बढाई म्हणा. पण खरी आहे.

विषय तसा सोपा आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे जाते. ओझं वाढलं, चढ लागला, की तेल आतल्या आत घुसळलं जातं आणि तापतं. तापलेलं तेल जळतं, जळलेलं तेल आतल्या प्लेटा खातं आणि मग एका वळणावर गाडी नुसती गुरगुरते, पुढे जात नाही. उपाय? गाडी डी-मध्ये, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या 'ड्राइव्ह'मध्ये, टाकून निवांत बसायचं नाही, कारण डी-मध्ये गिअरबॉक्स वरचा गिअर शोधत राहतो आणि सतत खाली-वर करतो. हाताने तिसऱ्यात धरायची, चढ फार असेल तर दुसऱ्यात. अगदी खडा चढ आणि कासवाची चाल असेल तर लो रेंज. तेलासाठी वेगळा कूलर बसवायचा, तापमानाचा काटा बसवायचा. काटा वर गेला तर थांबायचं, पण इंजिन लगेच बंद करायचं नाही — न्यूट्रलमध्ये चालू ठेवायचं, म्हणजे तेल कूलरमधून फिरून निवेल. झालं. एवढं पाळलं तर माणूस घरी पोचतो.

हे सगळं मी दर हिवाळ्यात रविवारी सकाळी शिकवतो. वर्कशॉपसमोर वीस-पंचवीस गाड्या लागतात. कुणाचा कॅरॅव्हॅन असतो, कुणाची बोट, कुणाचे घोडे. माझ्या मागच्या भिंतीवर पाटी आहे, हिंदीत आणि पंजाबीत — 'गियरबॉक्स गरम होता नहीं, किया जाता है.' लोकांना ती फार आवडते. पोरांनी तिचे स्टिकर छापून गाड्यांना लावलेत. मला सिग्नलला ते वाक्य पुढच्या गाडीच्या काचेवर दिसतं.

ते वाक्य माझंच. कुठे सुचलं, कुणापुढे सुचलं — हे मात्र कुणाला माहीत नाही. तिकडेच चाललोय. जरा वळसा घेऊन चाललोय, ते मलाही कळतंय.

आमच्या कामात बोळ्याला फार मान आहे. तुम्ही हसाल. पण तेलाचा पाइप सुटा केला की त्याच्या तोंडात फडक्याचा बोळा घालावा लागतो. नाहीतर तेल गळतं, आणि त्याहून वाईट म्हणजे धूळ आत जाते. फौजेत उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते हेच. बोळे मोजून घ्यायचे, मोजून परत ठेवायचे. बोळ्याचं चार बोटं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं, म्हणजे आंधळ्यालाही दिसेल. माझ्या वर्कशॉपमध्ये आजही तसंच चालतं. ताटलीत पाच बोळे, काम संपलं की ताटलीत पाच बोळे, मगच बॉनेट बंद. माझे मेकॅनिक या ताटलीला वैतागतात. 'ओ साबजी, बोळा ही तो है.' मी ऐकून घेत नाही.

आणि बोळे कुठले? माझ्या घरचे. सुनीता, माझी बायको, जुनी सुती लुगडी-साड्या फाडून देते. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत, धागा सुटत नाही. बाजारातल्या चिंध्यांना ती सर नाही. ज्या वर्षाचं सांगतोय, त्या वर्षी तिने एक जांभळी इरकल फाडली होती, बारीक चौकड्यांची. आता मला सांगा — इंडस्ट्रियल एरियाच्या दोन्ही फेज पालथ्या घातल्या तरी जांभळ्या इरकलीचा तुकडा दुसऱ्या कुणाच्या दुकानात सापडेल का?

मुल्लानपूरला एक घोडेस्वारी शिकवणारी शाळा होती. अजून आहे. चालवणाऱ्या बाई, प्रीत मॅडम, दर मे महिन्यात दोन घोडे हिमाचलात, सोलनच्या बाजूला वर पाठवायच्या, मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी. घोड्यांचा ट्रेलर ओढायचा गुरमेलसिंग. वीस वर्षं तो घोडेच वाहत होता. आधी ट्रकने, मग जुन्या गाडीला ट्रेलर जोडून. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. गाडी वळवताना मागे घोड्याचा पाय घसरू नये म्हणून असा काही हळू वळायचा की मागचे लोक हॉर्न वाजवून थकत. मला तो आवडायचा. हे मुद्दाम सांगतो — माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

मॅडमनी नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि माझ्याकडे पाठवली. कूलर बसवा, काटा बसवा. तेलाच्या लाइनचं काम मी कुणाला करू देत नाही, ते मी स्वतः करतो. त्या दिवशी गाड्यांच्या हौशी क्लबातले चार-पाच जण बघायला आले होते. त्यांना समजावत, फोटोसाठी वाकून दाखवत, मी काम करत होतो. कूलरकडे जाणाऱ्या पाइपात बोळा घातला. त्याचं शेपूट सारखं क्लॅम्पमध्ये येत होतं. म्हणून बोटाने आत ढकललं. दोन मिनिटांपुरतं — असंच म्हटलं असणार मनात. मग कुणीतरी काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, लोक हसले, मी पाइप जोडला.

ताटलीत चार बोळे होते का? मी बघितलं नाही. मेकॅनिकांचे बोळे मी मोजतो. माझे कोण मोजणार?

गाडी रिकामी फिरवून आणली. सगळं ठीक. सुती कापडातून तेल झिरपतं, सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला तेवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी गुरमेल दोन घोडे घेऊन निघाला. परवाणूच्या पुढे चढ लागला, बोळा तेलाच्या दाबाने सरकत कूलरच्या अरुंद तोंडाशी जाऊन घट्ट बसला, आणि कूलरला जाणारं तेल बंद झालं. गिअरबॉक्स आत उकळत राहिला.

आणि काटा? काट्याचा सेन्सर मी परतीच्या पाइपावर बसवला होता, कूलरमधून तेल परत येतं तिथे. तिथवर तेल पोचतच नव्हतं. मग काटा हलेल कसा? गुरमेलसमोर काटा शेवटपर्यंत गार होता.

गाडी एका वळणाच्या पुढे थांबली ती थांबलीच. मेमधली दुपार. ट्रेलर रस्त्याच्या कडेला, शेजारून ट्रक घासून जात होते. दुसरं वाहन येईपर्यंत तीन तास घोडे आत उभे. नूरी नावाची घोडी बिथरली, लाथा झाडायला लागली आणि तिचा मागचा पाय पत्र्यावर फाटला. गुरमेल ट्रेलरमध्ये शिरून तिच्या मानेला धरून उभा राहिला. त्या जागेत घोड्याजवळ शहाणा माणूस जात नाही. तो गेला.

गाडी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, मोठ्या ट्रकवर लादून. तेल काढलं तर चहाच्या चोथ्यासारखं, आणि वास असा की मेकॅनिक मागे सरले. दुपारी ते जेवायला गेले. मी एकटाच खाली शिरलो आणि पाइप सोडला.

पहिल्यांदा मला रंग दिसला. जळून काळं पडलेल्या कापडाच्या कडेला दोन बोटं जांभळं शिल्लक होतं. चौकड्या दिसत होत्या.

मी काय केलं असं वाटतं तुम्हाला? घाबरलो? हात थरथरले? नाही हो. मी अगदी शांत होतो. तो बोळा चिमट्याने ओढून काढला, कागदात गुंडाळला आणि पँटच्या खिशात घातला. पाइप पुसून घेतला. मेकॅनिक परत आले तेव्हा मी बाहेर उभा राहून हात धूत होतो. बावीस वर्षं ज्या हातांनी चुका पकडल्या, त्याच सफाईने मी ती लपवली.

संध्याकाळी प्रीत मॅडम आल्या, बरोबर गुरमेल. क्लबवालेही होतेच, बातमी त्यांना लागलेली. मॅडमनी विचारलं, काय झालं? आणि मी म्हणालो, "डी में चढ़ाई है. सीधी बात."

गुरमेल म्हणाला, "नहीं जी. तीसरे में थी. आपने जैसे बताया था. ते सुई तां हिली ही नहीं, साबजी."

काटा हललाच नाही म्हणत होता, आणि खरं बोलत होता. शब्दन् शब्द खरा. आणि तो खरा आहे हे त्या जागेत फक्त एकालाच माहीत होतं, आणि तो मी होतो. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "सुई देख रहे थे, गुरमेल, या पीछे घोड़े?"

लोक हसले. माझी जीभ अशी वेळेवर चालते. आणि वर मी ते वाक्य टाकलं — गियरबॉक्स गरम होता नहीं, किया जाता है. वाक्य पडलं आणि चिकटलं. गुरमेल माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. आठवण्याचा प्रयत्न करत होता तो. कारण मागे घोडे तर तो बघायचाच, दर दोन मिनिटांनी आरशात बघायचा, तीच त्याची सवय होती. नेमक्या त्याच्या चांगल्या सवयीवर मी बोट ठेवलं होतं. मग तो हळूच म्हणाला, "शायद जी."

त्या दोन शब्दांनी माझी सुटका झाली. त्याची नाही झाली.

मॅडमनी त्याला काढलं नाही, त्या भल्या बाई आहेत. किल्ली त्याने आपणहून दिली. पुन्हा ट्रेलर ओढला नाही. शाळेत तो चारा आणायचा ट्रॅक्टर चालवायला लागला, आणि नूरीचं सगळं बघायला लागला. तिचा पाय बरा झाला, पण अडथळ्यावरून उडी मारणं संपलं. मी एकदा कामासाठी गेलो तेव्हा तो तिच्या पायाला तेल चोळत बसला होता. मला बघून उठून उभा राहिला, सत श्री अकाल म्हणाला आणि चहा सांगितला. मी प्यायलो. छान होता चहा.

तो गिअरबॉक्स मी चार दिवस खपून नव्यासारखा केला. लोक म्हणाले, बघा, चूक दुसऱ्याची आणि मेजर साब जीव काढतायत. मी तेही ऐकून घेतलं.

आणि बोळा? तो खिशातच राहिला. सुनीताने पँट धुवायला काढली तेव्हा तिला सापडला. बिचारीने तो गरम पाण्यात दोनदा धुतला, वाळवला, आणि वापरता येईल तेवढा भाग कापून माझ्या बोळ्यांच्या डब्यात परत ठेवला. म्हणाली, एवढा कसा जाळलात? मी म्हणालो, काम असतं. तो तुकडा आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. फेकवत नाही आणि वापरवत नाही.

तेव्हापासून मी शिकवतो — सेन्सर परतीच्या पाइपावर कधीही लावू नका, गिअरबॉक्समधून गरम तेल बाहेर पडतं तिथेच लावा. लोक वहीत लिहून घेतात. कुणी कधी विचारत नाही की साबजी, तुम्हाला हे कसं कळलं? विचारलं असतं तर? काहीतरी ठोकून दिलं असतं. माझ्याकडे उत्तरांची कमी नसते.

इथवरचंच असतं तर कदाचित मी हे तुम्हालाही सांगितलं नसतं. काळाच्या पोटात गेलं म्हटलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात, रविवारच्या वर्गाला, गुरमेल आला.

एकटा नव्हता. बरोबर त्याची मुलगी होती, जसलीन. चोवीस-पंचवीसची, बापासारखीच उंच. शाळेचा ट्रेलर आता ती ओढणार होती. मॅडमनीच तिला ठेवलं होतं. गुरमेलची दाढी पांढरी झाली होती. तो शेवटच्या रांगेत उभा राहिला. मी नेहमीसारखं सुरू केलं — तेल, चढ, डी का नको. आणि डी का नको हे सांगत असताना त्याने हात वर केला.

मला वाटलं, आता. आता हा म्हणणार, साबजी, त्या दिवशी गाडी तिसऱ्यात होती. खरं सांगतो, मला हलकं वाटलं. म्हणू दे. एकदाचं म्हणू दे.

तो मुलीच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाला, "मेरी गल सुन लो. मैंने एक बार डी में चढ़ा दी थी. ध्यान पीछे घोड़ों पे था. घोड़ी की टांग गई मेरी वजह से. साबजी की बात पक्की पकड़ो, यही बचाती है."

कळलं का तुम्हाला? तो मला वाचवायला खोटं बोलत नव्हता. त्याला आता तसंच आठवत होतं. माझं वाक्य इतकी वर्षं त्याने मनात घोळवलं होतं, रात्रंदिवस तो हिशोब करत राहिला असेल की माझा हात कुठे होता, डोळे कुठे होते. आणि शेवटी त्याचा स्वतःचा हात त्याने तिसऱ्यावरून उचलून डी-वर नेऊन ठेवला. माझ्या सोयीसाठी. त्याच्याकडे त्या दिवसाचं एक खरं होतं, तेही मी ठेवलं नाही.

वीस-पंचवीस लोक. हिवाळ्याचं छान ऊन. जसलीन बापाकडे बघत होती. बोलायला याहून चांगली वेळ कुठली? पाटीखालीच उभा होतो मी. तोंड उघडलं.

आणि म्हणालो, "शाबाश, गुरमेल. अपनी गलती मानना सबके बस की बात नहीं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पहिल्या दिवशीचं खोटं एका घाबरट माणसाचं होतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत होतो. पण या वेळी कसली भीती होती? माझं नाव झालेलं, वर्कशॉप उभं आहे, वय झालं. कुणी माझं काय वाकडं करणार होतं? काही नाही. मी नुसता माझ्या जागेवर उभा होतो आणि मला ती जागा आवडत होती. बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. हे मी मराठीत लिहितोय. गुरमेलला मराठी येत नाही. जसलीनला नाही, मॅडमना नाही, क्लबवाल्यांना नाही. माझ्या मुलाला बोललेलं समजतं, पण तो उत्तर हिंदीत देतो आणि मराठी वाचत नाही. या शहरात ज्यांच्याशी माझा संबंध आहे, त्यांच्यातल्या एकालाही हे वाचता येणार नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं समजू नका. भाषा मी बघूनच निवडली.

सुनीता तेवढी वाचू शकते. वही मी ज्या खणात ठेवतो, त्यातच तिच्या इरकलीचा तुकडा आहे.

रविवारी वर्ग आहे. जसलीन येते, आता पुढच्या रांगेत बसते, मन लावून लिहून घेते. पहिल्याच पानावर तिने माझं पाटीवरचं वाक्य लिहिलंय आणि त्याखाली, कंसात, बापाचं नाव. मी तिची वही तपासताना पाहिलं. बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

गाडी तिसऱ्यात होती. बोळा माझा होता.